पाचव्या कप्प्यातलं इतर

प्रयोगशाळेतल्या चार नंबरच्या फ्रीझरखाली गुलाबी पाणी साचलं होतं. दोन्काने वाकून त्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. वास रक्ताचा होता, पण माणसाच्या रक्ताचा नव्हता. तीस वर्षं रक्त हाताळलेल्या बाईला एवढा फरक कळतो. हे कोकराचं रक्त होतं.

फ्रीझरचं दार बोटभर उघडं होतं. आत उणे ऐंशी असायला हवं होतं. ईस्टरची सुट्टी संपून मंगळवार उजाडला होता आणि आत बाहेरच्यासारखीच ऊब होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला होता. रक्ताच्या नमुन्यांच्या कुप्या निसटून एकमेकींवर पडल्या होत्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या, सुटून तळाच्या घाण पाण्यात तरंगत होत्या.

वरच्या कप्प्यात तिचा पांढरा कप होता. ही युक्ती काही तिची नव्हे, गावाकडच्या बायका घरच्या फ्रीझरलाही करतात. कपात पाणी गोठवायचं आणि बर्फावर एक नाणं ठेवायचं. आपल्या पाठीमागे कधी सगळं वितळलं तर नाणं बुडतं, आणि मग पुन्हा कितीही कडक गोठवा, ते तळाशीच राहतं. तापमानाच्या काट्यावरचा आकडा सकाळी पुन्हा ठीक दिसतो, कप मात्र विसरत नाही. बारा वर्षं दोन्काचं नाणं बर्फावर बसून होतं. आज ते तळाला गेलं होतं.

"फ्रीझरचा भोंगा वाजला नाही का?" तिने फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोनवर विचारलं.

"वाजला ना! गुरुवारी रात्रभर बोंबलत होता. शेवटी मीच जाऊन बंद केला. सणासुदीला कोण ऐकणार ते, दोन्काताई?"

गुरुवारी संध्याकाळी कोण आलं होतं हे विचारायची गरज नव्हती. पाचव्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं उरलं होतं. तिने कागदाचं टोक उचललं. सोललेलं डोकं होतं, दात विचकलेलं, डोळे उघडे. प्रोफेसर वेल्यानोवांचा ड्रायव्हर त्सांको घाईघाईत सणाची कोकरं घेऊन गेला होता, डोकं विसरला होता आणि दाराची कडी लावायचीही विसरला होता.

आता या पाचव्या कप्प्याबद्दल सांगायला हवं, कारण दोन्काला स्वतःचीच शिसारी आली ती त्याच्यामुळे. दर वसंतात प्रोफेसरांच्या सासुरवाडीहून कोकरं यायची आणि सण होईपर्यंत चार नंबरमध्ये राहायची. दोन्काचा नियम असा की यादीत नोंद नाही अशी एक बोटभर जागासुद्धा फ्रीझरमध्ये असता कामा नये. मग कोकरांचं काय लिहायचं? तिने लिहिलं, 'कप्पा पाच : इतर'. गेल्या वर्षी प्रकल्पाची तपासनीस बाई डेन्मार्कहून आली, तिने 'इतर'वर बोट ठेवलं. प्रोफेसर तिच्या भाषेत काहीतरी बोलले आणि दोन्काकडे वळले. दोन्काने गंभीर चेहऱ्याने दुजोरा दिला. दर सणासारखं त्याही संध्याकाळी तिच्या पिशवीत किलोभर खांद्याचं मांस आलं. तिने ते पुदिना घालून शिजवलं आणि चवीने खाल्लं. असं नऊ वर्षं चाललं होतं.

आणि बाकीच्या चार कप्प्यांत ब्रेझोवो दोल होतं. डोंगराच्या पोटातलं ते गाव, जिथे पिढ्यान्पिढ्या माणसांच्या किडन्या चाळिशीतच सुकून जातात आणि का ते कुणालाच कळत नाही. तेवीस वर्षं दोन्का दर शरदात गाडीने तिथे जायची, शाळेच्या ओट्यावर बसायची आणि एकेकाचं रक्त काढायची. ज्यांचं काढलं त्यातले निम्मे आता स्मशानात होते. त्यांचं जगात जे काही उरलं होतं ते चार नंबरमध्ये होतं. पुन्हा मागायला जावं तर कुणाकडे जाणार?

नऊ वाजता प्रोफेसर आले. कोटाच्या खिशात ईस्टरचं लाल रंगवलेलं अंडं होतं.

"ख्रिस्त उठला, दोन्का!"

"खरोखर उठला," ती रिवाजाप्रमाणे म्हणाली. "आपला फ्रीझर मात्र मेला."

त्यांनी आत पाहिलं. नाकाला रुमाल लावला. क्षणभर ते खरंच हादरले असं तिला वाटलं. मग ते म्हणाले, "डोकं टाकलंस की काय?"

"काय?"

"सुपासाठी ठेवलंय बायकोने. वास येतोय थोडा, पण धुतलं की जाईल. राहू दे तिथेच, आधी मशीन चालू कर."

दोन्काने आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली होती. पू, विष्ठा, सडलेले तुकडे. कशानेच तिला उलटी आली नव्हती. आता मात्र तिने भिंतीला हात टेकला.

"साहेब, नमुने संपले. लिहून कळवायला हवं."

"कोणाला कळवायचं? पुढच्या गुरुवारी डेन्मार्कची बाई येते आहे. पुढच्या पाच वर्षांचे पैसे तिच्या सहीवर आहेत. अकरा माणसं आहेत या मजल्यावर, दोन्का. नवीन खोकी घे, चिठ्ठ्या वाळव आणि पुन्हा चिकटव."

"कुठली कुपी कोणाची हे मला कसं कळणार?"

"यादीत क्रम आहे ना? अंदाजाने लाव. तुझा अंदाज दुसऱ्याच्या खात्रीपेक्षा बरा असतो."

"आणि त्यातून जे निघेल ते? ते त्या गावाबद्दल खरं म्हणून छापणार तुम्ही?"

प्रोफेसर अंडं सोलू लागले. "तू फार मनाला लावून घेतेस," ते म्हणाले. "रक्त आहे ते. माणसं नव्हेत."

दोन्काने चिठ्ठ्यांना हात लावला नाही. शनिवारी ते काम प्रोफेसरांनी स्वतः केलं, मदतीला त्सांकोला घेऊन. सोमवारी जिन्याखाली सिगरेट ओढताना त्सांकोने तिला हसत हसत सगळं सांगितलं.

"रेडिएटरवर वाळवल्या आम्ही त्या, मोज्यांसारख्या! मी गोंद फासायचो आणि साहेब चिकटवायचे. आधी नावं वाचत होतो, मग दुपारनंतर वाचायचंही सोडून दिलं. आणि शेवटी गंमत बघ, अकरा चिठ्ठ्या उरल्या आणि कुप्या संपल्या! साहेब म्हणाले, फेकून दे."

"फेकल्यास?"

"कुठल्या! खिशातच आहेत अजून." त्याने खिशातून तंबाखूच्या चुऱ्यासकट त्या काढल्या. "तुला कशाला हव्यात?"

"दे इकडे."

"रागावलीस का? मला काय ग, गाडी चालवणारा माणूस मी. सांगतील ते करायचं. आणि तूही काही कमी खाल्लं नाहीस त्या कप्प्यातलं."

हे त्याने अगदी सहज म्हटलं, टोचायचं म्हणूनसुद्धा नाही. तिने चिठ्ठ्या घेतल्या आणि वर गेली. चार नंबर उघडला. नवी खोकी रांगेत बसली होती, परीटघडीची. वरच्या कप्प्यात तिचा कप होता, काठोकाठ बर्फ आणि बर्फावर नाणं. तेच नाणं. पण बारा वर्षांत तिने ते कधी घासलं नव्हतं आणि आता ते चकाकत होतं. कुणीतरी ते तळातून काढून, साबणाने धुऊन, पुसून पुन्हा वर ठेवलं होतं. नमुन्यांपेक्षा तिला याचीच जास्त किळस आली. चिठ्ठ्यांचा खोटेपणा निदान गडबडीत केलेला होता, हा मात्र निवांतपणे केलेला होता.

तिने पाचवा कप्पा पाहिला. वर्तमानपत्राचं गाठोडं तिथेच होतं, दगडासारखं गोठून. प्रोफेसर स्वतः त्याला हात लावणाऱ्यातले नव्हते आणि त्सांको पुन्हा विसरला होता. तिने ते तसंच राहू दिलं.

गुरुवारी तपासनीस बाई आली. उंच, पिकल्या केसांची, पायांत सपाट बूट. इंगर तिचं नाव. तिला गेल्या वर्षीचा कप चांगला लक्षात होता. चार नंबर उघडताच ती थेट त्याच्याकडेच वळली, चमकत्या नाण्याकडे पाहून टाळ्या वाजवल्यासारखे हात केले आणि फोटो काढला.

"साहेब, बाईंना सांगा," दोन्का म्हणाली, "ते नाणं बुडालं होतं. तुम्ही ते वर ठेवलंत."

प्रोफेसर हसत हसत बाईला काहीतरी म्हणाले. बाईने दोन्काकडे प्रेमाने पाहिलं आणि तिचा दंड थोपटला.

"काय सांगितलंत?"

"की तू या कपाची आईसारखी काळजी घेतेस. गप्प बस आता, दोन्का. हात जोडतो."

भाषा येत नसली की माणूस मुकं होतं असं प्रोफेसरांना वाटत असावं. दोन्काने हातमोजे चढवले, पाचवा कप्पा ओढला, गाठोडं बाहेर काढलं आणि स्टीलच्या टेबलावर ठेवून कागद ओरबाडून काढला. कागद मांसाला चिकटून फाटत आला. कोकराचं डोकं बाईकडे तोंड करून, दात दाखवत बसलं.

मग तिने यादी उघडली, 'इतर' या शब्दावर बोट ठेवलं आणि तेच बोट डोक्यावर ठेवलं. आणि तिसऱ्यांदा ते स्वतःच्या छातीवर टेकवलं, कारण तो शब्द तिने लिहिला होता.

प्रोफेसरांच्या मानेवर लाल चट्टे उठले. दोन्काने खिशातून दहा चिठ्ठ्या काढल्या आणि डोक्याशेजारी एकेक करून मांडल्या. इंगरबाईने त्या पाहिल्या, मग स्वतः हातमोजे घातले आणि पहिलं खोकं उघडलं. तिने एक कुपी उचलली, बोटाने चिठ्ठीचं टोक खरवडलं. चिठ्ठीखालच्या गोंदात तंबाखूचा कण चिकटला होता. तिने कुपी जागेवर ठेवली आणि हातमोजे काढून टाकले, जणू त्यांनाच काही लागलं होतं. जाताना तिने दोन्काकडेही पाहिलं नाही. ते दोन्काला योग्यच वाटलं.

नमुने भट्टीत गेले. प्रकल्प गेला. प्रोफेसरांनी खूप आरडाओरडा केला, मग प्रकृतीचं कारण सांगून लांब रजा घेतली. दोन्काची बदली तळघरात काचसामान धुण्यावर झाली. मजल्यावरच्या अकरातले नऊ जण तिच्याशी बोलेनासे झाले. कॅन्टीनमध्ये ती बसली की शेजारचं ताट उठायचं. त्यांचंही अगदीच चुकलं असं तिला म्हणवेना, पण त्यांच्यातल्या एकालाही चिठ्ठ्यांबद्दल विचारावंसं वाटलं नाही, याची तिला चीड होती.

मे महिन्यात एका शनिवारी ती बसने ब्रेझोवो दोलला गेली. वेलिका आजी अंगणात कांद्याला पाणी घालत होती. तेवीस वर्षं रांगेत पहिली यायची ती हीच. तिचा मुलगा आसेन एकेचाळिसाव्या वर्षी गेला, दुसरा मुलगा बोइको अडतिसाव्या. दर शरदात रक्त देऊन झालं की म्हातारी एकच विचारायची, "आमची पोरं आहेत ना अजून तुझ्याकडे?" आणि दोन्का म्हणायची, "आहेत, आजी. थंडीत मजेत आहेत."

"अजून तर वसंतच चाललाय," वेलिका म्हणाली. "तू एवढ्या लवकर कशी?"

आत जाऊन दोन्काने सगळं सांगितलं. कोकरं सांगितली, दार सांगितलं, चिठ्ठ्या सांगितल्या. प्रोफेसरांचं नाव पुढे करून स्वतः मागे लपावंसं तिला एकदा वाटलं, पण तिने 'इतर'ही सांगितलं आणि किलोभर मांसही सांगितलं.

वेलिका टेबलावरच्या मेणकापडावरून उगाच हात फिरवत राहिली.

"पुदिना घालून?" तिने विचारलं.

"हो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"शी," म्हातारी म्हणाली. ती ओरडली नाही. तोंडातलं काहीतरी थुंकून टाकावं तसं तिने ते म्हटलं.

दोन्काने पाकिटातून अकरावी चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. 'बोइको, वेलिकाचा. ब्रेझोवो दोल.' आणि खाली तारीख. शाई पसरली होती. वेलिकाने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि चिठ्ठी फळीवरच्या लोणच्याच्या बरण्यांमागे, पोरांच्या फोटोला टेकवून ठेवली.

"म्हणजे ती दोघं आता कुठेच नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत, आजी."

म्हातारी उठली. मोरीवर जाऊन तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतला, पुसला आणि परत येऊन बसली. डाव्या हाताची बाही तिने नीट दुमडत वर घेतली, दर शरदात घ्यायची तशी, आणि हात मेणकापडावर उताणा ठेवला.

"घे," ती म्हणाली. "मी आहे अजून. पहिल्यापासून सुरू कर."

दोन्काच्या पर्समध्ये चष्मा, रुमाल आणि परतीचं तिकीट होतं. सुई नव्हती, कुपी नव्हती, आणि असती तरी ठेवायला आता फ्रीझर नव्हता. हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण म्हातारीने मान खिडकीकडे वळवली होती, टोचताना वळवायची तशी, आणि ती वाट पाहत होती. दोन्काने खुर्ची पुढे ओढली. त्या हातावरची चांगली शीर कुठे आहे ते तिला पाठ होतं. तिने त्या शिरेवर अंगठा ठेवला आणि तसाच धरून ठेवला.