पाणचक्कीला अर्धं पाणी

डोळे मिटा बघू. आता अशी खोली डोळ्यांसमोर आणा, जिथे खिडकीची चौकट, कोळ्याची जाळी, मांजराच्या मिशा, सगळं पांढरं आहे. पायाखालची फळी थरथरते आहे, कारण खाली पाण्याने चाक फिरतं आणि वर दोन मोठ्या दगडांमध्ये गहू दळला जातो. ही पाणचक्की. इथे राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या भुवयासुद्धा कायम पिठाने माखलेल्या, म्हणून सगळे तिला पिठी म्हणत.

एका सकाळी ती फळी थरथरायची थांबली.

नदीचं पाणी मोजणारी ताई आदल्या दिवशी सांगून गेली होती. नदीत बोटभर लांबीचा एक ठिपकेवाला मासा होता आणि आता असे मासे फार थोडे उरले होते. तो उथळ पाण्यात, खड्यांमध्ये अंडी घालतो. सगळं पाणी गिरणीच्या पाटात वळवलं की ते खडे उघडे पडतात, अंडी सुकतात. म्हणून यापुढे दरवर्षी तीन आठवडे पाटाचं दार अर्धंच उघडायचं.

अर्ध्या पाण्यावर चाक दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. बाबांनी रागारागाने गिरणीच्या दारावर खडूने लिहिलं, ‘माशांमुळे गिरणी बंद’.

दुपारी बेकरीवाले काका हजर. गिरणीतलं जवळजवळ सगळं पीठ त्यांच्याकडेच जाई.

“माझी भट्टी काय उपाशी ठेवू?” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत पुरेल एवढं पीठ आहे. मग गाडी पलीकडच्या गावातल्या विजेच्या गिरणीकडे. आणि एकदा का तिकडची सवय लागली...”

“कळलं, कळलं,” बाबा म्हणाले. काका गेल्यावर ते बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आत्याने मात्र बाह्या सरसावल्या. “दोन वर्षं ओरडतेय, दादा, दगडाला टाकी लावू या. तुझं आपलं एकच, बंद ठेवायला वेळ कुठाय! आता आहे ना?”

“त्याने पाणी वाढणार आहे का?”

“नाही. पण बसून तुझं तोंड बघण्यापेक्षा बरं.”

दळून दळून दगड गुळगुळीत होतो. मग छिन्नीने त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. दोघांनी कप्पीने वरचा दगड उचलला. पिठीने त्यावरून हात फिरवला.

“बाबा, हा तर तुमच्या टकलासारखा झालाय!”

आत्याच्या हातून छिन्नीच पडली. बाबांना हसू फुटलं, ते लपवायला ते उगाच खोकले.

तीन दिवस टक्‌ टक्‌ चाललं होतं. प्रत्येक खाचेतून बोट फिरवून कुठे उथळ राहिलं ते सांगणं पिठीकडे होतं, आणि ती एकही खाच सोडेना. “इथे परत!” ती म्हणे. बाबा म्हणत, “मालकीणबाई, दया करा!”

शुक्रवारी दगड परत बसला.

“पाणी सोडू?” पिठीने विचारलं.

“अगं, अर्ध्या पाण्यावर तो काही...” बाबा म्हणू लागले.

पिठीने पाटाच्या दाराचा दांडा ओढलासुद्धा. चाक कण्हलं. थांबलं. मग काहीतरी आठवल्यासारखं फिरू लागलं. हळू, पण न थांबता! फळी थरथरली, मांजर पळालं आणि पीठ पडू लागलं.

“म्हणजे बोथट दगडालाच जास्त जोर लागत होता,” आत्या म्हणाली. आता मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शनिवारी काकांनी पीठ चिमटीत घेतलं. “अरे, हे गार आहे!”

“म्हणजे?”

“बोथट दगडात घासून घासून तुझं पीठ गरम यायचं रे. कणीक हाताला चिकटायची. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

बाबा ओशाळले. “पण खरं सांगतो, रोजची दहा पोती नाही जमणार. सहाच.”

काकांनी पिठीकडे पाहिलं, मग दगडाकडे. “चार तिकडून आणतो, तीन आठवडे. मग पुन्हा दहाही इथूनच. पण गारच हवं!”

“दरवर्षी याच दिवसांत टाकी लावू,” बाबा पटकन म्हणाले. आत्याने कपाळावर हात मारला.

आणि पिठीने काय केलं? ओलं फडकं घेऊन ती दाराशी गेली. ‘बंद’ पुसून तिथे तिने लिहिलं, ‘हळू चालू’. शेजारी एक मासा काढला, आणि त्याचे ठिपके खडूने नाही, पिठात बुडवलेल्या बोटाने दिले.