दहा बाय आठचा अतुल

"आज मानवतेच्या इतिहासात एक नवं पान उघडलं जात आहे," असं अनघा मॅडम लोणावळ्याच्या रिसॉर्टमधल्या हॉलमध्ये म्हणाल्या आणि माईक बंद पडला. वेटरने चहाची किटली लावायला माईकचीच पिन काढली होती. पान अर्धंच उघडं राहिलं आणि सगळे चहाला उठले.

चहानंतर मॅडमनी कंपनीतल्या वीसेक जणांना गोल बसवलं. कंपनी तळेगावच्या बाजूची, गाड्यांचे सुटे भाग करणारी. मॅडम तिथल्या एचआरच्या मुख्य. विषय होता समावेशकता. "हे सुरक्षित वर्तुळ आहे," त्या म्हणाल्या. "इथलं काही बाहेर जाणार नाही. मोकळेपणाने बोला."

एकाने मन मोकळं केलं, ते कॅन्टीनच्या डाळीबद्दल. मग अतुल गायकवाडला काय वाटलं कोण जाणे. क्वालिटी खात्यात मान खाली घालून मापं घेणारा माणूस. पण वर्तुळ म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला. आजवर वर्तुळाच्या मापात तो कधी फसला नव्हता.

"मी इंदुरीत भाड्याने राहतो," तो म्हणाला. "आम्ही बौद्ध आहोत, हे घरमालकीणबाईंना माहीत नाही. त्यांनी विचारलं, कुठले गायकवाड? मी म्हणालो, औंढ्याचे. खोटं नव्हतं. त्याआधी खरं सांगून बरीच घरं बघून झाली होती. आम्ही कोण ते कळलं की कुठे पाहुणे यायचे असायचे, कुठे अचानक रंग काढायचा असायचा. बाबासाहेबांचा फोटो आम्ही कपाटाच्या दाराला लावलाय, आतल्या बाजूने. मुलगी अपेक्षा सकाळी कपाट उघडते, नमस्कार करते आणि बंद करते."

टाळ्या पडल्या. मॅडमनी डोळे पुसले.

वर्तुळातलं बाहेर गेलं नाही. म्हणजे काही दिवस तरी गेलं नाही. मग एका संध्याकाळी कंपनीची बस इंदुरी फाट्याला आली आणि ड्रायव्हर जानूभाऊ ओरडला, "आरं अतुल, तू तर आमदार झालास की!"

फाट्यावर, एका नेत्याचा वाढदिवस आणि दहावीच्या क्लासची जाहिरात यांच्या मधोमध अतुल उभा होता. दहा फूट बाय आठ फूट. ओळखपत्र नवं करायचंय म्हणून काढलेला फोटो. फोटोग्राफर हसा म्हणाला म्हणून हसलेला. वर 'समावेशक कार्यस्थळ सप्ताह'. खाली ठळक अक्षरांत: 'मी बौद्ध आहे. मी आता लपणार नाही!'

हे वाचताना खरा अतुल पुढच्या सीटच्या पाठीमागे लपला होता.

बस निघून गेल्यावर त्याने मॅडमना फोन लावला. घाईघाईत पहिला फोन गॅसवाल्याला लागला.

"मॅडम, तो फ्लेक्स..."

"आवडला ना? सरप्राइज होतं!"

"मॅडम, मला भीती वाटतेय."

"अतुल, घाबरायचं नाही. अख्खी कंपनी तुमच्या पाठीशी आहे."

"मॅडम, तुम्ही पुण्यात, बाणेरला राहता."

"हो. का?"

"मी इंदुरीत राहतो."

"म्हणून तर इंदुरीत लावला!"

अतुल चौक टाळून नदीच्या अंगाने घरी निघाला. वाटेत कुत्रं भुंकलं तर त्याला वाटलं, यानेही वाचलंय. मालकीण शालूबाई दुपारी रानात जात आणि दिवेलागणीला फाट्यावरूनच परतत. चौथी शिकलेल्या, पण वाचायचा भारी नाद. वाण्याच्या पुडीचा कागदही वाचून मगच चुलीत घालायच्या. त्यांना तसाही संशय असणार, असं अतुलला कायम वाटायचं. कारण त्याच्याकडे कुणी आलं की बाई हमखास येऊन कपाटाला पाठ लावून बसत आणि पाहुणे जाईपर्यंत हलत नसत.

घरी त्याची बायको मानसी सामान बांधायला फळीवरची भांडी उतरवत होती. तिला शेजारणीने फोटो काढून पाठवला होता.

"अपेक्षाची शाळा?" तिने विचारलं.

"बघू."

"कुठे बघू?"

मानसीने कपाट उघडून फोटो काढला आणि टॉवेलात गुंडाळायला घेतला, तोच दारावर थाप पडली. तिने फोटो तसाच पदराखाली धरला. अतुलला कडी सापडेना. कडी होती तिथेच होती.

शालूबाई आत आल्या. "अतुल, फाट्यावर तुजा फोटू हाय."

"हो, मावशी."

"वाचला म्या."

मानसीने पदर आणखी घट्ट धरला.

"मावशी, आम्ही महिनाअखेर खोली सोडतो," मानसी कशीबशी म्हणाली.

"तुला कोन सोड म्हनलं? अन् त्यो पदराखालचा फोटू कपाटातनं का काढलास? व्हता तितंच लाव." बाई मटकन खाली बसल्या. "लपनार न्हाई म्हनं! लपला कवा व्हतास रं? कपाटाचं बिजागर निखळलं तवा तुमी कामाला गेलता. सुताराच्या आदी म्याच दार उघडलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" अतुलने विचारलं. "मग बोलला नाहीत?"

"तू बोलला न्हाईस, म्या बोलले न्हाई. भावकीला कळलं तर मला सुकानं ऱ्हाऊ देतील व्हय? मीबी भ्यालेच व्हते. म्हनून तर तुज्याकडं कुनी आलं की हितं दाराला पाट लावून बसायची. माजी कंबार धरली त्या कपाटापायी."

म्हणजे इतकी वर्षं त्या एकाच दाराला दोन घरं भीत होती.

"आता भावकीला कळलंच," अतुल म्हणाला.

"दीर येऊन गेला की मगाशीच. म्या म्हनलं, खोली माजी, भाडेकरू माजा. तू तुजं बग." हे सांगताना बाईंनी एकदा दाराकडे वळून बघितलं. "त्ये ऱ्हाऊ दे. तुमचा सप्ता कवा संपतोय?"

"रविवारी."

"मंग त्यो फ्लेक्स मला आन. सरपनावर टाकीन. पाऊस तोंडावर आलाय."

"आणतो. पण मावशी, छापलेली बाजू खाली ठेवा."

"खाली कशी? गुळगुळीत बाजू वरच पायजे, पानी घरंगळतं." बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, उंबऱ्याशी गेल्या आणि वळल्या. "अन् काढताना कडंच्या रिंगा तेवढ्या उपटू नगंस. दोरी ओवाया लागत्यात."