माझ्यातली सतरावी गोष्ट

मित्रांनो, मी गोष्टींचे एक जुने पुस्तक आहे. माझ्या पोटात एकवीस गोष्टी आहेत, पण आज त्यांतली एकही मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. माझ्या एका गोष्टीमुळे एका घरात काय घडले, ते सांगणार आहे. ते सांगताना मला संकोच वाटतो. तरी ऐका.

माझा जन्म बडोद्याचा. दांडिया बाजारातल्या एका लहानशा छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून माझी एकेक ओळ तयार झाली. मग तांबड्या कापडी पुठ्ठ्यात मला बांधले. मला लिहिणारे गुरुजी मनाने सज्जन होते. मुलांनी हसावे, शहाणे व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी सतरावी गोष्ट लिहिली तीही कुणावर राग म्हणून नव्हे. त्यांना ते सारे खरेच वाटत होते.

त्या गोष्टीचे नाव 'पोतवाली'. सुया, बिब्बे, मण्यांच्या पोती विकत दारोदार फिरणारी एक बाई त्यात होती. ती गोड बोलून मुलांना खाऊ देई आणि झोळीत घालून पळवून नेई. शेवटी गावकरी तिला चोप देत आणि गोष्ट संपे, 'मुलांनो, माळावर पाल ठोकून राहणाऱ्या लोकांना कधी दारात उभे करू नका.' शेजारी तिचे चित्र होते. लाल डोळे, वाकडे नाक आणि खांद्यावर फुगलेली झोळी.

गणपतरावांनी मला विकत घेतले ते आपल्या मुलासाठी, जनार्दनसाठी. आठ वर्षांचा जनार्दन गोवराच्या तापातून नुकताच उठला होता आणि त्याला बाहेर सोडत नव्हते. त्या पंधरा दिवसांत त्याने मला पाठ करून टाकले. भिंतीकडे तोंड करून तो पोतवालीच्या चिरक्या आवाजात ओरडे, "सुया घ्या बाई, बिब्बे घ्याऽ!" घरातली सगळी हसत. मित्रांनो, तेव्हा मलाही अभिमान वाटे. आजारी मुलाला हसवणारे पुस्तक म्हणून माझे कौतुक होई.

जनार्दन मोठा झाला, रेल्वेच्या ऑफिसात लागला. त्याने आपल्या मुलाला, निहारला, माझ्यातून वाचून दाखवले. मग निहारही मोठा झाला आणि मी फतेगंजच्या घरातल्या माळ्यावर एका पेटीत पडून राहिले. किती वर्षे, ते मला ठाऊक नाही. कसर लागली, पुठ्ठ्याचा रंग उडाला. घर बदलून सगळे मांजलपूरच्या एका सोसायटीत राहायला आले, तेव्हा ती पेटी उघडली निहारच्या मुलीने, अवंतीने.

"आजोबा, हे तुमचं?"

जनार्दनराव आता पंचाहत्तरीचे झाले होते. त्यांनी मला हातात घेतले आणि उघडून नाकाशी धरले.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते मला घेऊन सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसू लागले. दहा-बारा मुले जमत. त्यांत गुजराती मुलेही असत. एखादा शब्द अडला तर अवंती त्यांना गुजरातीत सांगे. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ऐकत होते. मी फार सुखात होते.

सतराव्या गोष्टीची पाळी आली, तेव्हा जनार्दनरावांनी लहानपणचा तो चिरका आवाज काढला. मुले लोळून हसली. अवंतीच्या वर्गातली शलाका पुढेच बसली होती. समोरच्या इमारतीत राहणारी, दोन वेण्या घालणारी, एरवी कमी बोलणारी मुलगी. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. इतके मोठ्याने, की मला चमत्कारिक वाटले. हसताना तिने चित्राकडे पाहिलेच नाही.

पुढचे काही दिवस सोसायटीत एकच खेळ चालला. केयूर नावाचा मुलगा चादरीची झोळी करून पोतवाली होई आणि बाकीचे पळत.

शलाकाचे वडील आनंद रिफायनरीत नोकरीला होते. त्यांची आई, कमलाबाई, बार्शीकडच्या गावाहून दोन महिने राहायला आली ती नेमकी एका रविवारी. आनंद सामान वर ठेवायला गेले आणि नातीला कधी एकदा बघते असे झालेल्या कमलाबाई विचारत विचारत थेट बागेत आल्या. नऊवारी लुगडे, हनुवटीवर हिरवे गोंदण, गळ्यात मण्यांच्या पोती, खांद्याला कापडी झोळी.

केयूरने त्यांना पाहिले, आपल्या धाकट्या बहिणीला उचलले आणि किंचाळला, "भागो! पोतवाली आवी!"

अवंती आणि शलाका सोडून सगळी मुले पळून झाडांमागे लपली. कमलाबाईंना वाटले, खेळ चाललाय. त्या हसल्या आणि शलाकाकडे बघत त्यांनी झोळीत हात घातला. शेंगदाण्याचे लाडू आणले होते त्यांनी.

अवंतीने विचारले, "शलाका, ह्या कोण गं? तुला ओळखतात?"

शलाका पांढरीफटक पडली. "आमच्याकडे... कामाला आल्यात. नवीन आहेत."

कमलाबाईंचा हात झोळीतच थांबला. क्षणभर त्यांनी नातीकडे पाहिले, मग अवंतीकडे.

"व्हय गं पोरी," त्या म्हणाल्या, "कामालाच आलेय मी."

आणि लाडू तसेच ठेवून त्या आल्या वाटेने परत गेल्या.

मित्रांनो, मी तेव्हा बाकावर उघडेच पडले होते. जनार्दनराव केयूरच्या आरोळीला हसत होते. काय झाले ते त्यांच्या लक्षातही आले नाही. माझ्या मात्र आले. पण पुस्तकाला आपल्या पानांवरचे शब्द मागे घेता येत नाहीत.

तासाभरात आनंद जनार्दनरावांच्या दारात उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. "काका, मघाशी बागेत आली ती माझी आई आहे. शलाकाने तिला कामवाली म्हटलं. का म्हटलं ते मी विचारलं, तेव्हा तिनं तुमच्या पुस्तकाचं नाव सांगितलं."

जनार्दनराव गडबडले. "अहो, गोष्ट आहे ती. माझ्या मनात तसं काही नव्हतं. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचं पुस्तक, त्या काळी असंच लिहायचे."

"त्याच काळापासून आमची माणसं दारोदार फिरत होती, काका," आनंद म्हणाले. "आधी आजी, मग आई. ती सुया विकत फिरली म्हणून मी शिकलो. दारं तोंडावर का लावतात, हे तिला कधी कळलं नाही. मला आज कळलं."

ते गेल्यावर निहार म्हणाला, "बाबा, रद्दीत देऊन टाका ना ते. कशाला हवंय?" जनार्दनराव त्याच्यावर ओरडले. मग स्वतःच खाली बसले. "आजारपणात माझ्यासोबत दुसरं कोण होतं रे?" एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीचे ब्लेड घेतले आणि माझी सतरावी गोष्ट उघडली. मला वाटले, आता कापणार. खरे सांगते, मला भीतीही वाटली आणि सुटल्यासारखेही वाटले. पण त्यांनी ब्लेड खिशात ठेवले, मला काखेत घेतले आणि ते समोरच्या इमारतीत गेले.

आनंद कामावर गेले होते, शलाका शाळेत. कमलाबाईंनीच दार उघडले.

"वहिनी, मी माफी मागायला आलोय," जनार्दनराव म्हणाले.

"बसा की," कमलाबाई म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ह्येच का त्ये? मला न्हाई वाचता येत. तुम्ही वाचून दावा."

"नको हो. कशाला?"

"पोरीनं कशापायी मला परकं क्येलं, त्ये मला ऐकू तरी द्या."

जनार्दनरावांना वाचावे लागले. या वेळी त्यांनी चिरका आवाज काढला नाही. साध्या आवाजात वाचतानाही ते तीनदा थांबले. मीही माझी गोष्ट पहिल्यांदाच अशी ऐकत होते, जिच्याविषयी ती लिहिली तिच्यासमोर बसून. आधी जिथे जिथे मुले हसली होती, तिथे तिथे आता खोलीत नुसती पंख्याची घरघर होती.

वाचून झाल्यावर कमलाबाईंनी चित्रावर हात फिरवला. फुगलेल्या झोळीपाशी तो थांबला.

"झोळीत माझा आनंदाच असायचा, दादा. तान्हं पोर घेऊन फिरायची मी. दुसऱ्याचं कुठं ठिवलं असतं?"

जनार्दनरावांनी चष्मा काढला. खिशातले ब्लेड बाहेर काढत ते म्हणाले, "ही पानं मी आत्ता तुमच्यासमोर कापतो."

"कापा न्हाईतर ठिवा," कमलाबाई म्हणाल्या. "पर एवढ्या पोरांच्या डोस्क्यात जे गेलंय, त्ये कुठल्या ब्लेडनं कापशीला?"

जनार्दनरावांनी ब्लेड पुन्हा खिशात ठेवले. कमलाबाईंनी त्यांना चहा पाजला. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत.

दोन महिन्यांसाठी आलेल्या कमलाबाई आठव्या दिवशीच गावी परतल्या. गावाकडे कामे अडलीत, असे त्यांनी सांगितले. त्या आठ दिवसांत शलाका त्यांच्यासमोर मान वर करून बसली नाही, असे आनंदनी नंतर जनार्दनरावांना सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी मुले बागेत जमली. जनार्दनरावांनी मला मांडीवर मिटूनच ठेवले. "आज मी गोष्ट वाचणार नाही," ते म्हणाले. "पोतवालीची गोष्ट खोटी होती. ती मी तुम्हाला हसून हसून वाचून दाखवली, ही माझी चूक. त्या रविवारी ज्या बाईंना बघून तुम्ही पळालात, त्यांनी सुया विकून आपला मुलगा शिकवला."

केयूर म्हणाला, "कोण, ती शलाकाची कामवाली?"

जनार्दनराव बोलणार, तोच मागच्या झाडापाशी उभी असलेली शलाका पुढे आली.

"कामवाली नाही. ती माझी आजी आहे," ती म्हणाली. "आणि मी तिच्यासमोर खोटं बोलले."

अवंती उठून तिच्याजवळ गेली, पण शलाकाने तिचा हात धरला नाही. ती तशीच घरी निघून गेली. हे जिने ऐकायला हवे होते, ती आजी तिथे नव्हती. गावी फोन लावून शलाका तिला हे सांगेल, अशी मी आशा करते. अजून तिने सांगितले आहे की नाही, मला माहीत नाही.

माझी पाने कापलेली नाहीत. जनार्दनरावांनी सतराव्या गोष्टीच्या मथळ्यावर शाईने लिहिले आहे, 'हे खरे नाही. मी वाचले, याचे मला दुःख आहे.' खाली सही आहे. बाकीच्या वीस गोष्टी ते आता आधी स्वतः एकट्याने वाचतात आणि मग मुलांसमोर आणतात. त्यांतल्या आणखी दोन गोष्टींवर ते अडले आहेत.

मित्रांनो, मला फेकू नका, असे म्हणण्याचा हक्क मला उरला आहे का, ते तुम्ही ठरवा. पण माझ्यासारखी जुनी पुस्तके तुमच्याही घरी असतील, आणि ती तुमच्या आजोबांची लाडकी असतील. ती उघडाल तेव्हा एवढे करा. ज्या ओळीला सगळे हसतील, तिथे जरा थांबा आणि आपल्याबरोबर ऐकायला कोण बसले आहे ते बघा. त्यांतले कुणी फारच मोठ्याने हसत असेल, तर पुढे वाचू नका. पुस्तक मिटा आणि आधी त्याच्याशी बोला.