धाकटीचा स्फटिक

धाकटीच्या थेंबात स्फटिक आला ही बातमी थोरलीला प्रयोगशाळेत नव्हे, घरी कळली, तीही सासूबाईंकडून. सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या जुळवत बसल्या होत्या.

"अगं, धाकटीचं काहीतरी आलं म्हणे आज."

"काय आलं?"

"ते तूच सांग, तुझंच खातं ना ते? मला फोन करून म्हणाली, आई, आलं एकदाचं. मी म्हटलं, बाई गं, डॉक्टरकडे जाऊन आलीस का? तर म्हणे तसलं काही नाही, स्फटिक." सासूबाईंनी एक एकटा मोजा हवेत धरून पाहिला. "मी उगाच खूश झाले."

थोरली तेवढीही झाली नाही.

दोघी जावा एकाच संस्थेत, एकाच सरांच्या हाताखाली, एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर काम करत. वर दोघींची बिऱ्हाडंही एकाच घरात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर. हे सगळं थोरलीनेच ओढवून घेतलं होतं. दिराला हे स्थळ आलं तेव्हा "मुलगी हुशार आहे, माझ्याच विषयातली आहे, करून टाका," असं घरात ठासून सांगणारी तीच. सरांकडे शब्दही तिनेच टाकला होता. पायावर धोंडा मारून घ्यायचा तर तो स्वतः निवडून, पारखून आणावा, अशी तिची पद्धत होती.

दोघींचं काम एकाच एन्झाइमवर चाले. विषाणूजवळ स्वतःचं असं फारसं सामान नसतं. एक आरएनएची पट्टी, तिच्यावर सगळा मजकूर, आणि त्या पट्टीच्या नकला काढणारं हे एन्झाइम. नक्कल थांबली की विषाणूचा धंदा बसला. म्हणून औषधवाल्यांना या एन्झाइमचा नेमका आकार हवा असतो. कुठल्या खाचेत बोळा कोंबायचा ते त्यावरून ठरतं.

घरी कोणी पाहुणा विचारी, तेव्हा थोरली उजवा हात पुढे करून सांगे. "हे असं दिसतं. ही बोटं, हा तळवा, हा अंगठा. बोटांची टोकं वाकून अंगठ्याला टेकलेली, म्हणजे अर्धवट मिटलेला हात. पट्टी आत शिरते ती या तळव्यावरून. तळव्यात धातूचे दोन अणू बसलेले असतात, ते नवं अक्षर आधीच्या अक्षराला जोडतात. मग पट्टी एक घर पुढे, की पुढचं अक्षर."

"आणि चुकीचं अक्षर लागलं तर?"

"लागलं तर लागलं. केलेलं काम परत तपासायची सोय याच्यात नाही. तसंच पुढे रेटतं."

"आमच्या थोरल्यासारखं," सासूबाई म्हणत. थोरला, म्हणजे त्यांचा मुलगा आणि थोरलीचा नवरा, पेपरमधून डोकं वर काढत नसे.

या एन्झाइमच्या नात्यागोत्यातल्यांचे हात जगाने पाहिले होते. पण या विषाणूचा हात अजून कोणी पाहिला नव्हता. पाहायचा तर आधी त्याचा स्फटिक हवा, मग तो स्फटिक दूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर न्यायचा. त्या यंत्रावर सरांच्या गटाला वर्षाकाठी एकदा जागा मिळे. जिचा स्फटिक जाईल, तिचं नाव शोधनिबंधावर पहिलं, हे सरांनी जाहीर करून टाकलं होतं.

थोरली कित्येक वर्षं त्या स्फटिकाच्या मागे होती. काचेच्या चकतीवर एन्झाइमचा बारकासा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून खालच्या द्रावणाच्या खळग्यावर झाकणासारखी बसवायची, कडेने ग्रीस लावून हवाबंद करायची आणि वाट पाहायची. थोरलीच्या थेंबांत आजवर साय आली होती, गाळ आला होता, एकदा तिचा स्वतःचा केस आला होता.

धाकटीने आल्या आल्या काय केलं, तर एन्झाइमचं शेपूट कापलं. एका टोकाला एक सैल, वळवळणारा भाग होता, तो तिने मुळातूनच गाळला आणि उरलेल्याचे थेंब लावले.

"शेपूट कापून काय, कोणालाही जमेल," थोरली त्या रात्री नवऱ्याला म्हणाली.

"मग तू का नाही कापलंस?" नवऱ्याने विचारलं. काही माणसांना प्रश्न कुठे थांबवावा ते कळत नाही. उरलेल्या जेवणात त्याला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर थोरली खोलीत एकटी राहिली. धाकटीचा खळग्यांचा ट्रे तिने मायक्रोस्कोपखाली ठेवला. थेंबात झाडूच्या काड्यांसारखा बारीक सुयांचा झुबका होता. यंत्रावर न्यायला निरुपयोगी, पण होता. आता थोरलीला एकच आशा उरली होती, ती म्हणजे मीठ. द्रावणातल्या क्षारांचेही असेच देखणे स्फटिक होतात आणि भल्याभल्यांना तोंडघशी पाडतात. परीक्षा सोपी असते. सुईने टोचायचं. मीठ असेल तर काडकन तुटतं, प्रथिन असेल तर भिजलेल्या बिस्किटासारखं गपचूप चुरतं. अर्थात ही परीक्षा ज्याची त्याने आपल्या थेंबात करायची असते.

थोरलीने झाकण उचललं, सुई घेतली आणि कान लावून टोचलं.

काहीही वाजलं नाही. झुबका गपचूप चुरला.

जिन्यात पावलं वाजली. तिने झाकण परत बसवून दाबलं, ट्रे जागच्या जागी ठेवला आणि हातात सुई दिसते आहे तर ती आपलंच काम करताना दिसावी म्हणून स्वतःचा ट्रे ओढून, झाकण उचलून आपल्या सायीच्या थेंबात दोनदा फिरवली. ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक मुलीला ती पहिल्या दिवशी बजावत असे, की सुई पुसल्याशिवाय दुसऱ्या थेंबाला लावायची नाही. आज तिने सुई पुसली नाही.

पुढचे काही दिवस तिने धाकटीचं तोंड पडायची वाट पाहिली. धाकटी ट्रे उघडेल, चुरा बघेल, ओठ थरथरतील, मग आपण पाठीवर हात ठेवून "होतं असं" म्हणू. वाक्यही तयार होतं.

धाकटी एका सकाळी मायक्रोस्कोपवरून उठली आणि म्हणाली, "ताई, बघता का जरा?"

थोरलीने डोळा लावला. थेंबाच्या मधोमध एकच स्फटिक बसला होता, जाडजूड, धारदार कडांचा, आरपार स्वच्छ. झुबक्याचे बाकीचे तुकडे विरघळून गेले होते आणि एक तुकडा बी होऊन सगळ्यांचा वाटा खाऊन फुगला होता. टोचून कोणाचं भलं करायचं असेल, तर याहून चांगलं टोचता आलं नसतं.

"छान आहे," थोरली म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून जाड पुस्तकाखालून कागद ओढावा तसा निघाला.

मग ती आपल्या टेबलाकडे गेली आणि सवयीने आपलाही ट्रे पाहिला. सायीच्या थेंबात, सायीच्या कडेला, तसलाच स्फटिक वाढत होता. शेपटासकट, अख्ख्या एन्झाइमचा! सुईला चिकटून आलेल्या धाकटीच्या चुऱ्यावर थोरलीचं एन्झाइम थर देऊन चढलं होतं.

इतक्या वर्षांनी मूल व्हावं आणि त्याचं नाक शेजारणीवर जावं, तसं तिला झालं.

त्या आठवड्याच्या बैठकीत सरांनी धाकटीला विचारलं, "सुयांचा झुबका होता ना? एवढा मोठा कसा झाला?"

"वाट बघितली, सर."

"माझाही आलाय," थोरली म्हणाली. "अख्ख्या एन्झाइमचा."

सरांनी चष्मा काढला. "तुमचा कसा आला?"

"वाट बघितली."

"तुमच्या घरात वाट बघायची काही खास पद्धत आहे का?" सर म्हणाले. "हे बघा, एक स्फटिक ही लॉटरी झाली. जिला परत काढून दाखवता येईल, ती यंत्रावर जाईल."

थोरलीला परत काढता येत होता. आपल्या स्फटिकाचा एक कोपरा चुरायचा, बी म्हणून नव्या थेंबात फिरवायचा, की झालं. तिचा ट्रे भरत चालला. धाकटीच्या नव्या थेंबांत मात्र झुबकेच येत होते. रोज सकाळी धाकटी वाकून बघे आणि सरळ होई, तेव्हा थोरलीच्या छातीत काहीतरी गार गार वाटे. हे चांगलं वाटणं चांगलं नाही हे तिला ठाऊक होतं, पण वाटत होतं चांगलंच.

एके दुपारी दोघी सिंकपाशी काचा धूत उभ्या होत्या.

"ताई, एक विचारू?" धाकटी नळाकडे बघत म्हणाली. "माझ्या थेंबात काय केलंत?"

"मी? मी कशाला काही करू?"

"झाकण निघेना. मी लावते ते बोटाने सरकतं. हे काढायला मला चिमटा लागला. आपल्या घरात असं झाकण एकच माणूस लावतं. आई म्हणतात, थोरलीने साखरेचा डबा बंद केला की महिनाभर चहा बिनसाखरेचा."

थोरलीने नळ मोठा केला. मग बंद केला. "मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर स्फटिक अर्धा तुमचा झाला असता."

हे उत्तर थोरलीला फार आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच धाकटी तिला आपल्या घरातली वाटली.

"सुई टोचली," ती म्हणाली.

"मीठ आहे का बघायला?"

"हो."

"मीठ असावं असं वाटत होतं ना?"

"खूप."

धाकटी काच पुसत राहिली. "मलाही तुमचा आल्यावर तसंच वाटलं. मीही एकदा टोचायला गेले होते."

"माझ्या थेंबात?"

"झाकणच निघालं नाही."

दोघी एकदमच हसल्या आणि एकदमच थांबल्या, कारण पहिलं नाव अजून एकच होतं.

सरांना त्यांनी मिळून सांगितलं, म्हणजे शास्त्रापुरतं सांगितलं: बिनशेपटीचा स्फटिक चुरायचा, त्याच्या बियांवर अख्खं एन्झाइम वाढवायचं. पहिली सुई कोणी, कोणाच्या थेंबात आणि का घातली, हे काही निबंधातल्या 'पद्धती'च्या भागात लिहायची पद्धत नसते. यंत्रावर थोरलीचा स्फटिक गेला. पडद्यावर हात उमटला. वाकलेली बोटं, अंगठा, तळव्यात धातूचे दोन ठिपके. आणि शेपूट वळून अंगठ्याच्या मागच्या खाचेत बसलेलं. ते कापलं असतं तर ती खाच तिथे आहे हे कोणाला कळलंच नसतं. निबंधावर थोरलीचं नाव पहिलं, धाकटीचं दुसरं. थोरलीने त्याची प्रत दिवाणखान्यात, पाहुणा बसतो त्या खुर्चीसमोर ठेवली.

सुख काही महिने टिकलं. मग जगातले इतर लोक त्या निबंधाचा हवाला देऊ लागले. अशा हवाल्यात पहिल्या लेखकाचं फक्त आडनाव देतात आणि पुढे "व इतर" लिहितात. थोरलीचं आडनाव म्हणजे सासरचं. धाकटीचंही तेच. परिषदेत परके लोक धाकटीचा हात हातात घेऊन "तुमचं ते सुंदर काम" म्हणत आणि धाकटी नम्रपणे मान झुकवी. नवऱ्याचं त्याच्या ऑफिसात अभिनंदन झालं. एन्झाइम म्हणजे साबणात असतं तेच ना, असं त्याने घरी येऊन विचारलं. सासूबाई फोनवर सांगत, "आमच्या आडनावाचं नाव झालं हो जगभर."

थोरलीने बराच विचार केला. शेवटी तिला उपाय सुचला: पुढच्या निबंधावर माहेरचं आडनाव लावायचं. इतकं सोपं, इतकं चोख, की ती स्वतःवरच खूश झाली. सरांकडे सांगायला गेली, तर टेबलावर धाकटीच्या नव्या निबंधाचा मसुदा पडला होता. वर धाकटीचं नाव होतं आणि त्यापुढे तिच्या माहेरचं आडनाव.

"चांगली कल्पना आहे, नाही?" सर म्हणाले. "तुम्हीही लावणार का?"

आता लावलं तर नक्कल ठरणार होती.

"छे," थोरली म्हणाली. बाहेर पडताना तिने सरांच्या टेबलावरची ग्रीसची बरणी उघडी दिसली म्हणून बंद केली. ती पुढे कोणालाच उघडता आली नाही.