तेविसाव्या मिनिटाची घंटा

माझ्या पोटात कोणी राहत नाही, मित्रांनो. लहान मुले मला उलटा करून मागच्या भोकांतून आत डोकावतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे. आत तारा आहेत, एक गोल चुंबक आहे, काळ्या कागदाचा कर्णा आहे आणि बरीचशी धूळ. आवाज माझ्यातून जातो, माझ्यात राहत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. चौदा बायका ओळीने बसून तारांना डाख देत. ओळीतली शेवटची बाई बटण फिरवून कान लावत असे. तिने मला ऐकले आणि म्हणाली, "चालतोय. पुढचा." माझ्याविषयी बोलले गेलेले ते पहिले वाक्य. कौतुक म्हणून मी ते अजून जपून ठेवले आहे.

मला घरी नेले एका घड्याळजींनी. त्यांचे दुकान कपाटापेक्षा थोडे मोठे होते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते लोकांची बंद घड्याळे चालू करत. पहिल्याच रविवारी दुपारी चार वाजता त्यांनी माझे बटण फिरवले आणि काटा एका फुटबॉलच्या सामन्यावर थांबला. दूरच्या कुठल्याशा गावातल्या कापडगिरणीचा संघ खेळत होता. लोक त्याला 'गिरणीवाले' म्हणत. त्या दिवशी गिरणीवाले तीन गोलांनी हरले.

"दुसरं काहीतरी लावा ना," त्यांची बायको म्हणाली.

"हरणाऱ्याला असं मध्येच सोडून जायचं नाही," घड्याळजी म्हणाले. ते मध्येच सोडून न जाणे एकतीस वर्षे चालले.

दर रविवारी काटा शोधताना होणारी खरखर बायकोला सोसत नसे. तिने नखाला लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका माझ्या काचेवर बरोबर त्या जागी लावला. तो अजून आहे. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या असत आणि मध्ये मी. ती मटार सोलत बसायची, ते हाताची मूठ वळून. त्या गावाला दोघेही कधी गेले नव्हते; पण गोल करायच्या दोन जागांपैकी कोणती पाण्याच्या टाकीकडची आणि कोणती गिरणीकडची, हे दोघांना पाठ होते.

आणि दोघांनाही ती घंटा ठाऊक होती. समालोचक श्वास घ्यायला थांबला की गर्दीतून एक पितळी हातघंटा वाजायची. तीनदा. मग एक जाड, घोगरा आवाज यायचा, "पुढे जा रे, पुढे जा!" कधी कधी त्याच्या शेजारून कोणी कोवळ्या आवाजात हसायचे, "बास आता, लोक बघतायत!"

"बुवा आहे," घड्याळजी म्हणायचे. "आवाज ऐक जरा."

"बाई आहे," बायको म्हणायची. "पुरुषाच्या हातात घंटा दिली तर तो तीनवर थांबेल का?"

यावर पैज लागली. हरेल त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा. निकाल लागेना, तोवर चहा अर्थातच तिच्याकडे राहिला.

मित्रांनो, आता जे सांगतो ते नीट ऐका. पुढे एका मोसमापासून घंटा बदलली. पूर्वी ती केव्हाही वाजायची: कोणी चेंडू घेऊन धावला की, कोणी पडला की, गोल झाला की वेड्यासारखी. आता ती फक्त एकदा वाजू लागली. सामना सुरू झाल्यापासून बरोबर तेविसाव्या मिनिटाला. घड्याळजींनी हे खिशातल्या घड्याळावर पाच-सहा रविवार ताडून पाहिले आणि त्यांना आनंद मावेना.

"याला म्हणतात माणूस," ते म्हणाले. "ठोक्याला ठोका!"

बायकोचा सोलता हात थांबला. "पूर्वी खेळ बघून वाजवायची. आता घड्याळ बघून वाजवते. मला नाही हे बरं वाटत."

"तुला घड्याळांचं कौतुकच नाही," ते हसून म्हणाले. ती हसली नाही.

खरे सांगायचे तर मीही ते ओळखले होते. घंटाच काय, अकराव्या मिनिटाला तोच एक माणूस खोकायचा. चाळिसाव्या मिनिटाला तेच एक मूल आईला हाक मारायचे, आणि आई ओ द्यायची नाही. रविवारमागून रविवार, मोसमामागून मोसम ते मूल एका दिवसानेही मोठे झाले नाही. पण माझे काम आलेला आवाज पुढे देण्याचे. तो कुठून आला, हे सांगायला मला स्वतःचा आवाज नाही.

चार वर्षांपूर्वी बायको आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशापाशी होतो. ती म्हणाली, "एकदा तिकडे जाऊन या. बाई की बुवा ते बघा. आणि बरी आहे ना, तेही बघा."

"पुढच्या मोसमात दोघं जाऊ," घड्याळजी म्हणाले.

पुढचा मोसम आला तेव्हा दुसरी खुर्ची रिकामी होती. त्यांनी ती हलवू दिली नाही. दर रविवारी तेविसाव्या मिनिटाला घंटा वाजली की ते त्या खुर्चीकडे पाहून मान डोलवत. सगळे गेले तरी कोणीतरी आपल्या जागेवर आहे, याचा त्यांना आधार होता. एका घंटेच्या आधाराने माणूस आठवडा काढू शकतो, हे मी पाहिले आहे.

या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि दुकान बंद झाले. मग त्यांनी लेकीला गाडीचे तिकीट काढायला सांगितले.

"बाबा, रेडिओ कशाला नेताय?" लेक म्हणाली. "सामना डोळ्यांनी बघायला चाललात ना?"

"डोळ्यांचा भरवसा राहिलाय कुठे!" ते म्हणाले आणि मला बायकोच्या शालीत गुंडाळले.

एक दिवस आणि एक सकाळ आम्ही गाडीत होतो. त्या गावाविषयी मी एकतीस वर्षे बोलत होतो. पण ते असे असेल असे मला वाटले नव्हते. गिरणीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. गिरणीच्या खिडक्यांत एकही धड काच नव्हती. रस्ते रुंद होते आणि त्यांवरून फारसे कोणी चालत नव्हते. मैदानाबाहेर घड्याळजी थबकले. "टाकी मी डावीकडे धरली होती," ते स्वतःशीच म्हणाले. टाकी उजवीकडे होती. मैदानावरच्या मोठ्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि ते बंद होते.

फाटकावर पन्नाशी उलटलेल्या एक बाई तिकिटे फाडून देत होत्या. "आजोबा, आत खरा सामना आहे," त्या म्हणाल्या. "मग हा कशाला काखेत?"

"घरचं माणूस आहे," घड्याळजी म्हणाले.

आत हजारो माणसे बसतील अशा पायऱ्या होत्या आणि जेमतेम दोनशे माणसे होती. एकेकटी, लांब लांब बसलेली. चार वाजता शिट्टी झाली. घड्याळजींनी मला लावले, आणि माझ्यातून हजारो माणसांचा जल्लोष उसळला. त्यांनी दचकून मला कानापासून दूर धरले. समोर नुसता चेंडूला बूट लागल्याचा आवाज होता. त्यांनी मला पुन्हा कानाशी नेले. गर्दी. दूर धरले. बूट. अकराव्या मिनिटाला माझ्यात तो माणूस खोकला. मैदानात कोणी खोकले नाही.

मग त्यांनी खिशातले घड्याळ काढले. एकवीस. बावीस. ते उभे राहिले, म्हणजे घंटा वाजेल तिकडे लगेच बघता येईल.

तेविसाव्या मिनिटाला घंटा वाजली. तीनदा. "पुढे जा रे, पुढे जा!" ती माझ्यात वाजली. मैदानात तेव्हा इतकी शांतता होती की खेळाडूंचे धापा टाकणे ऐकू येत होते.

दोन पायऱ्या खाली गिरणीतला एक म्हातारा फिटर बसला होता. घड्याळजी उभे राहून चहूकडे वळून बघतायत हे पाहून तो वर आला. "काय झालं हो? बरं वाटत नाही का?"

"घंटा... घंटा कोण वाजवतं इथे?"

"आता कोण वाजवणार? घंटाताई जाऊन नऊ वर्षं झाली."

"आत्ता वाजली. रेडिओवर."

फिटरने वाकून मला कान लावला. "अच्छा, ते होय," तो म्हणाला. "गिरणी बंद पडली आणि गाव पांगलं. मैदान रिकामं. रेडिओवर भारी ओसाड वाटायला लागलं, म्हणून रेडिओवाले दर वेळी सुरुवातीच्या शिट्टीबरोबर जुन्या एका सामन्यातल्या गर्दीची टेप लावतात म्हणे, समालोचनाखाली. मुद्दाम गोल न झालेल्या सामन्यातली, म्हणजे भलत्या वेळी ओरडा नको. आम्ही इथेच असतो, आम्ही कुठला रेडिओ ऐकतोय! त्यात घंटाताई आहे?"

घड्याळजी खाली बसले. "बाई होती तर," ते म्हणाले. सामना संपताना म्हणाले, "तिनं सांगितलं होतं मला. हे बरं वाटत नाही म्हणाली होती." हे ते घंटाताईबद्दल बोलत नव्हते. फिटरला ते कळले नाही, मला कळले.

"तिची बहीण फाटकावर असते," फिटर म्हणाला. "दोघी इथेच बसायच्या, या खांबापाशी. ताई गेल्यापासून ती पायऱ्या चढत नाही. फाटकातूनच परत जाते."

घड्याळजींनी फाटकावरच्या बाईंना सगळे सांगितले आणि ती घंटा ऐकता का, असे विचारले. बाईंनी तिकिटांची पेटी बंद केली. "नको," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाला असं बोलवू नये."

"मी चार वर्षं तेच करतोय," घड्याळजी म्हणाले. "कळत नव्हतं एवढंच."

पुढच्या रविवारी पुन्हा इथेच सामना होता. घड्याळजी गावातल्या एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खानावळवालीची परवानगी काढून स्वतः चहा केला. दोन कप. एक प्यायले. दुसरा माझ्यासमोर ठेवला आणि तो गार होईपर्यंत बसून राहिले. पैजेचे देणे त्यांनी असे सुरू केले.

मग काही सुचेना म्हणून ते मैदानावरचे बंद घड्याळ दुरुस्त करू लागले. डोळे नीट चालत नव्हते, बोटे चालत होती. बाई खालून शिडी धरायच्या.

"पडलात तर तुमच्या लेकीला काय सांगू?" त्या म्हणायच्या.

"सांगा, वेळेवर पडले."

शुक्रवारी ते घड्याळ चालू झाले. शिडी भिंतीला टेकवून ठेवताना बाईंनी खाली पाहत विचारले, "ओरडते का ती? की नुसतीच घंटा?"

रविवारी शिट्टी झाल्यावर त्यांनी फाटक लावून घेतले. फाटकाशेजारच्या खोलीत एक टेबल होते आणि दोन खुर्च्या. मला मध्ये ठेवले. बाहेर खरी, विरळ माणसे होती आणि माझ्यात ती जुनी गर्दी. बाईंनी पदराचे टोक मुठीत धरले होते. विसाव्या मिनिटाला त्या उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. घड्याळजींनी त्यांना थांबवले नाही, बटणालाही हात लावला नाही. बाई दारातच उभ्या राहिल्या.

घंटा वाजली. तीनदा. "पुढे जा रे, पुढे जा!"

आणि मग ते कोवळे हसू आले. "बास आता, लोक बघतायत!"

बाईंचा चेहरा बदलला. तो दुसरा आवाज त्यांचाच होता. कित्येक वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, खांबापाशी, ताईच्या शेजारी बसलेल्या त्या. मला वाटले, बाई रडतील. त्या टेबलापाशी आल्या, दोन्ही हात टेकवून माझ्यावर वाकल्या आणि माझ्यातल्या त्या पोरीला दटावून म्हणाल्या, "बघू देत लोकांना! वाजवू दे तिला!"

आवाज माझ्यातून बाहेर जातो. आत येत नाही. त्या पोरीपर्यंत ते पोहोचले नाही. चाळिसाव्या मिनिटाला नेहमीचे मूल आईला हाक मारू लागले, आणि मग घड्याळजींनी बटण बंद केले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडीत बसले. मी त्या खोलीत राहिलो, शालीसकट. "घरी दोन खुर्च्या आहेत," ते बाईंना म्हणाले, "पण तिथे आता मला दुसऱ्या कोणाचं नाही, तिचं आठवायचंय. ती काय काय म्हणायची ते."

पुढच्याच मोसमात रेडिओवाल्यांनी टेप बदलली. आता माझ्यातून कुठलीतरी अनोळखी गर्दी ओरडते. तरी बाई दर रविवारी मला लावतात आणि तेविसाव्या मिनिटाला मान तिरकी करतात. मी घंटा वाजवत नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो. पण कधी कधी त्या हसून "बास आता" म्हणतात, तेव्हा त्यांनी काय ऐकले ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, पाणी लागू देऊ नका, जुना झालो म्हणून मोडीत घालू नका, हे सगळे मी सांगणारच होतो. पण माझे तेवढेच मागणे नाही. एकतीस वर्षे माझा शब्द न् शब्द कान देऊन ऐकला गेला. मटार सोलता सोलता घड्याळजींच्या बायकोने एकच खरी गोष्ट सांगितली, आणि ती एकदा सांगितली. ती कुठल्याही टेपवर नाही. मला ऐकायला बसाल तेव्हा आवाज थोडा लहान ठेवा. शेजारच्या खुर्चीवरून कोणी काही बोलले, तर ऐकू आले पाहिजे.