बेकरीच्या दारातली टाकी

मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे. मित्रांनो, आधी माझ्यात तेल साठवत. तेल संपले की मला खडखड वाजवून कोपऱ्यात सारत. साथीच्या वर्षी मात्र बेकरीच्या मालकीणबाईंनी मला घासूनपुसून घेतले, पोटाशी नळ बसवला आणि दारात मांडले. शेजारी साबणाची वडी ठेवली.

साथ उलट्या-जुलाबांची होती. आजार हातांवाटे पोटात जाई. तरी पहिले दोन आठवडे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आजार पुलापलीकडे होता ना! भट्टीवरचे मामा म्हणत, आगीसमोर उभ्या माणसाला कसली साथ? पाव पाकिटात भरणाऱ्या वहिनी तेवढ्या रोज सकाळी चार बादल्या आणून मला भरत. मामा त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवत. संध्याकाळी ते पाणी तसेच कुंड्यांना जाई.

सायकलवरून घरोघर पाव पोचवणारा दादा पुलाच्या आमच्याच बाजूला राहत होता. त्याला साथीने गाठले आणि तो दोन दिवसांत गेला. दुसऱ्याच सकाळी माझ्यासमोर रांग लागली. मामांनी तर हात इतके घासले, की कातडी सोलवटली. दिवसातून तीनदा मला भरावे लागे. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, या विचाराने मी फुशारले होते. त्या फुशारकीची मला अजून लाज वाटते.

महिना गेला. बेकरीत कोणीच आजारी पडले नाही. ही त्या धुतलेल्या हातांची पुण्याई होती, पण सगळ्यांना वाटले, धोकाच टळला. पुलापलीकडे माणसे अजून दगावत होती. ती बातमी कानांच्या सवयीची झाली होती. वडी झिजून संपली. नवी कोणी आणली नाही.

"वहिनी, पुरे आता," एके सकाळी मामा म्हणाले. "इथे कुणाला काय झालंय?"

वहिनींनी बादली खाली ठेवली. "खरंच," त्या म्हणाल्या, "मी उगीचच ओझी वाहत होते की काय!"

त्या दिवसापासून त्याही हात न धुताच कामाला बसू लागल्या.

नवव्या दिवशी पाकिटे भरता भरता त्यांना उलट्या सुरू झाल्या. मामांनीच त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेले. तीन दिवसांनी त्या गेल्याचा निरोप आला.

तो ऐकताच सगळे माझ्याकडे धावले. मामांनी नळ सोडला. आत थेंबही नव्हता. तो कोरडा नळ ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

साथ ओसरली आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. आता माझा नळ फिरत नाही.

मित्रांनो, मरण शेजारी आले की हात धुवा असे कोणाला सांगावे लागत नाही. माझी विनवणी आहे ती त्यानंतरच्या दिवसांसाठी, जेव्हा सगळे ठीक वाटू लागते. तेव्हाही कोणी मुकाट्याने पाणी भरत असेल, तर त्या माणसाला हसू नका. त्याला एकटे भरू देऊ नका.