भिंतीकडची बाजू

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाही बसला तरी माझं काही अडत नाही. उलट तुम्हाला झोप तरी बरी लागेल.

मित्रांनो, मी एक जुनी फिरती मांडणी आहे. वाचनालयाच्या चित्रपट विभागात, कोपऱ्यात, भिंतीला जवळजवळ टेकून मी उभी असते. मधे लोखंडी दांडा, त्याच्याभोवती तारेच्या चार रांगा आणि डोक्यावर पाटी, ‘आमची आवड’. एके काळी मला नुसतं बोट लावलं तरी मी भोवऱ्यासारखी गर्रकन फिरायचे. एकदा तर अशी फिरले, की टेबलावरची वर्तमानपत्रं वाऱ्यानं दाराबाहेर उडाली आणि शिपाई त्यांच्यामागे चौकापर्यंत धावत गेला. पुढच्या ओळीत बसलेली ती दोन वेण्यांची मुलगी आत्ताच तोंड वाकडं करते आहे. ती इथे फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बांधणीमावशींची नात. तिच्याकडे लक्ष देऊ नका. खोट काढण्यात ती आजीवर गेली आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. माझं लोखंड बुडालेल्या जहाजाच्या नांगराचं आहे, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणाल तर ते एका फाटकातून उरलेलं होतं. पण नांगर म्हटलं की ऐकणारा जरा ताठ बसतो. वेल्डरनं तेल घालण्यासाठी माझ्या दांड्याला एक भोक ठेवलं होतं. मला इथे उभी करताना ते नेमकं भिंतीच्या बाजूला गेलं. तेव्हापासून मला तेल घालायचं, तर भिंत आणि मी यांच्यामधल्या फटीत हात घालावा लागतो.

तो हात दादांचा असे. दादा म्हणजे चित्रपट विभाग सांभाळणारे, जाड भिंगांचे, हळू बोलणारे. दर शनिवारी ते बांधणीमावशींच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी मागून आणत आणि फटीत हात घालून अंदाजानं थेंब सोडत. त्यांच्या बोटांना कायम त्या तेलाचा वास यायचा.

आमच्याकडे एक रीत होती. इथे काम करणाऱ्यानं आपल्या आवडीचा चित्रपट किंवा मालिका माझ्यावर लावायची आणि खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी अडकवायची. पहिली रांग ग्रंथपालांची, म्हणजे मोठ्या बाईंची. त्यांना रडवणारे चित्रपट आवडत. त्यांच्या चिठ्ठीत कथेबद्दल अवाक्षर नसे, किती रुमाल लागतील एवढंच असे. दुसरी रांग देवघेवकाकांची. हे खिडकीपाशी बसून लोकांना वस्तू देत आणि परत घेत. त्यांच्या पोटात शेवट राहत नसे. माणूस डबी घेऊन खिडकीशी आला की काका नोंद करता करता म्हणत, “छान आहे हो. धाकटा भाऊच चोर निघतो.” तिसरी रांग शिपायाची, तिथे नुसती हाणामारी. आणि चौथी दादांची. लांबलांबून लोक यायचे. एक आजोबा म्हणाले होते, डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा या चिठ्ठ्यांनी गुण जास्त येतो. मी तेव्हा अशी काही फुगले होते, की माझ्या तारा ताणल्या गेल्या.

या रिवाजाला नियम दोनच. पहिला असा, की माझ्यावरच्या डब्या रिकाम्या. आतली चकचकीत तबकडी काकांच्या खणात असते. डबी नेऊन दाखवाल तर तबकडी मिळेल. डबी नाही, तर तबकडी नाही. दुसरा नियम मोठ्या बाईंचा होता. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय शिफारस करायची नाही. “अर्धवट चव घेऊन दुसऱ्याला वाढू नये,” असं त्या म्हणत.

हा दुसरा नियम दादांनी मोडला. एकदाच.

ती मालिका वाचनालयात कशी आली ते कुणालाच आठवत नाही. नाव होतं ‘पलीकडची खोली’. डबीवर नट नाही, नटी नाही. एक भिंत, तिच्यात किलकिलं दार, बस. चार तबकड्या होत्या. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं, आणि त्यांच्या लक्षात येतं की घर बाहेरून जेवढं दिसतं त्यापेक्षा आतून एका खोलीनं मोठं आहे. दादांना ती इतकी आवडली, की तीन तबकड्या पाहून होताच त्यांनी डबी चौथ्या रांगेत लावली आणि चिठ्ठी लिहिली, ‘शेवटपर्यंत पाहिली आहे. निर्धास्त न्या.’ चौथी तबकडी त्याच संध्याकाळी पाहणारच होते ते. एका संध्याकाळचा तर प्रश्न.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले आणि हसत हसत बाईंना म्हणाले, “गंमत बघा. आमच्या घरी न्हाणीच्या पलीकडे एक दार आहे. एवढी वर्षं राहतोय, कधी दिसलंच नाही मला.”

बाईंनी विचारलं, मग उघडलंत का? दादा म्हणाले, आज उघडतो.

त्यानंतर ते आले नाहीत. लेकीकडे गेले असतील, असं सगळ्यांनी धरलं. मग लेकीचाच फोन वाचनालयात आला, बाबा तिथे आहेत का म्हणून. पुढचं मोठी माणसं दार लावून बोलली, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. आणि मला ऐकू न येणं ही साधी गोष्ट नाही, मित्रांनो, मला वाळवीच्या जांभया ऐकू येतात. शिपाई त्यांच्या घरी जाऊन आला. चपला दाराशी होत्या, चष्मा टेबलावर होता, आणि न्हाणीच्या पलीकडे सरळसोट भिंत होती. एवढंच त्यानं सांगितलं. त्या दिवसापासून त्यानं शीळ घालणं सोडलं.

चौथी तबकडी मात्र परत आली. कुणी आणली ते दिसलं नाही. सकाळी परतीची पेटी उघडली, तर आत तीच होती.

डबी माझ्यावरच राहिली. दादांच्या रांगेला हात लावायला कुणाचा जीव होत नव्हता. शेवटी देवघेवकाका म्हणाले, दादांना एवढी आवडली होती, तर मी पाहतो. त्यांनी एकेक तबकडी नेली. पहिल्या तिन्ही वेळा आल्या आल्या त्यांनी भेटेल त्याला सगळी गोष्ट सांगितली. चौथी पाहून आले, तेव्हा खिडकीत बसले आणि काही बोलले नाहीत. पुढेही कधी नाही. आता लोक मुद्दाम विचारतात, काका, शेवट सांगा ना. काका म्हणतात, “बरा आहे.” रडवणारा असो की हसवणारा, प्रत्येकाचा शेवट बरा आहे. महिनाभरात त्यांनी राहतं घर सोडलं आणि एकाच खोलीची जागा घेतली. चार भिंती, एक दार. सामान मावत नाही म्हणून बायको अजून बोलते.

आता बांधणीमावशींचं ऐका. फाटकी पुस्तकं शिवायची, डिंक लावायचा, दाबाखाली ठेवायची, हे त्यांचं काम. माझ्यावर त्यांची रांग नव्हती. कुणी मुद्दाम नाकारली असंही नाही, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक दिवस त्या मोठ्या बाईंपुढे उभ्या राहिल्या.

“लोकांची पुस्तकं शिवण्यात जन्म गेला,” त्या म्हणाल्या. “मला काय आवडतं ते कुणी विचारलं नाही. चौथी रांग आता कुणाचीच नाही. ती मला द्या.”

बाईंनी लगेच दिली. आणि मावशींनी पहिली शिफारस करायला कोणती मालिका धरली असेल? तीच. दादांची चिठ्ठी खरी आहे असं त्या मानत होत्या. दादा शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय लिहायचे नाहीत, हे सगळ्या वाचनालयाला ठाऊक होतं.

त्यांनी तीन तबकड्या पाहिल्या. दर वेळी डबी माझ्यावर जागच्या जागी आणून लावत आणि मला म्हणत, “एकच राहिली गं. मग माझं नाव लागेल तुझ्यावर.” यजमान गेल्यापासून घरी त्या आणि ही नात, दोघीच. नात आजीला बिलगूनच टीव्ही पाहते. म्हणजे चौथी तबकडी घरी गेली असती, तर ती दोघींनी पाहिली असती. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझा गंजसुद्धा थंड पडला.

काकांच्याही ध्यानात आलं असावं. मावशी खिडकीपाशी आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “मावशी, घरात खोल्या किती तुमच्या?”

“दोन. का हो?”

“मोजून बघा एकदा.”

“काल मोजल्या की. तीन आहेत,” मावशी सहज म्हणाल्या. मग थांबल्या. मग हसल्या. “काय मेलं बोलतेय मी. दोनच आहेत. वय झालं.”

काकांनी खणावर तळहात दाबून धरला. पण नियम तो नियम. डबी दाखवली की तबकडी द्यावीच लागते. मावशी डबी आणायला माझ्याकडे वळल्या. मधे चार पावलांचं अंतर असेल नसेल.

मित्रांनो, तेव्हा मी जे केलं ते कुठल्याही मांडणीनं आजवर केलेलं नाही. मी आपणहून फिरले. कुणाचं बोट नाही, वारा नाही. कुईं करून मी अर्धा वळसा घेतला. ‘पलीकडची खोली’ गेली भिंतीकडे, आणि मावशींच्या पुढ्यात आली एक जुनी, धुळकट डबी, दोन भाऊ आणि एका हट्टी गाढवाच्या चित्रपटाची. मावशींनी मला धक्का दिला. मी हलले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. मी अंग आवळून घट्ट उभी राहिले. फटीत हात घालून पाहिला त्यांनी, आणि झटकन बाहेर काढला. गार आहे गं आत, असं पुटपुटल्या. शेवटी वैतागून गाढवाची डबी उचलली आणि निघून गेल्या.

सोमवारी चौथ्या रांगेत चिठ्ठी लागली. वळणदार अक्षरात, थोडी डिंकानं डागाळलेली. ‘गाढव अगदी आमच्या यजमानांसारखं आहे. जरूर पाहा.’ त्या गाढवासाठी वाचनालयाबाहेर रांग लागली होती. रांगेचं टोक पार नदीपलीकडे होतं. बरं, नदी राहू द्या. पण चार माणसं नक्की होती. मावशींचं नाव आजही माझ्यावर आहे. आणि ती दुसरी डबी भिंतीकडे तोंड करून अजून तशीच आहे.

तर मित्रांनो, असा माझा पराक्रम. आणि आज माझी दशा बघा. रंग उडाला, तारा वाकल्या, धूळ साचली. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंकडे जरा लक्ष देत जा. फार मागत नाही मी, एक थेंब तेल. दादा गेले त्या दिवसापासून कुणीही माझ्या दांड्यात तेल घातलेलं नाही. गंजून इतकी घट्ट झाले आहे, की तेव्हापासून मी तसूभरही फिरू शकलेले नाही. म्हणून सांगते, आपल्या उपयोगी पडलेल्या वस्तूला विसरू नका, तिची…

“थांब,” दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. “दादा आजीच्या आधी गेले ना?”

हो, मी म्हटलं.

“आणि तेव्हापासून तू फिरूच शकत नाहीस.”

तसूभरही नाही, मी म्हटलं.

“मग आजी आली तेव्हा तू कशी फिरलीस?”

बाकीची मुलं हसली. ती हसली नाही. उठून माझ्याजवळ आली, गाल माझ्या तारांना टेकवून तिनं भिंतीकडच्या फटीत हात घातला, पार कोपरापर्यंत. मी सांगणार होते, घालू नकोस. तोवर तिनं हात बाहेर काढला, बोटं नाकाशी नेली, आणि माझ्यामागच्या कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली,

“खोटारडी. तेल तर ओलं आहे.”